कृपया फोन करू नका

बाजाराच्या दिवशी भरदुपारी माझ्या सासूबाई स्वतःच्याच घराबाहेर ओट्यावर बसून राहिल्या. मी आत होते आणि दाराला आतून कडी होती. त्यांनी दार ठोठावलं, हाका मारल्या, मग पिशवीतून मोबाईल काढून मला फोनही लावला. मी स्वयंपाकघरात लाल मिरच्यांची देठं काढत होते. मला यातलं काहीही ऐकू आलं नाही. वाळलेले कपडे काढायला म्हणून मी दार उघडलं, तर ओट्यावर त्या, मांडीवर भाजीची पिशवी आणि बाजूला शेजारीण त्यांच्यावर सावली धरून उभी.

मला वाटलं, आता बोलणी बसणार. पण त्यांनी तोंड वर केलं आणि नेहमीसारखं सावकाश, ओठ नीट दिसतील असं विचारलं, "तुह्या घड्याळाले काय झालं?"

मी त्यांना आत्याबाई म्हणते. नवरा पुण्याला कंपनीत, मुलगी बुलढाण्याला वसतिगृहात, त्यामुळे धाड गावातल्या घरात आम्ही दोघीच. मी इथल्या हायस्कूलात चित्रकला शिकवते. तिशी ओलांडली आणि माझं ऐकू येणं हळूहळू कमी होत गेलं. कानातलं एक बारीक हाड ताठर होत चाललंय, असं डॉक्टर म्हणाले. शाळेत दोन्ही कानांत मशीन असते. समोरच्याचा चेहरा दिसत असेल आणि गोंगाट नसेल, तर माझं काम भागतं. पण घरी आल्यावर मशीन काढावीच लागते, उन्हाळ्यात तर कान आतून चुरचुरतात. आणि फोनवरचा आवाज मशीन लावूनही फुटतो. शब्द कळत नाहीत, नुसती खरखर कळते.

घड्याळ मुलीने शोधून काढलं होतं. फोन आला की ते मनगटावर थरथरतं. त्याआधी मी मोबाईल हातात घेऊन घरभर फिरायचे, न्हाणीघरातसुद्धा कोनाड्यात ठेवायचे. घड्याळ आल्यावर आमची रीत ठरली. आत्याबाई दाराशी आल्या की मला फोन करणार, शेतात काही अडलं तरी फोन करणार. मनगट थरथरलं की मी दार उघडायचं, दाराशी त्या नसतील तर शेताकडे निघायचं. मुलगी व्हिडिओ कॉल करते, कारण तिचे ओठ मला वाचता येतात. पण तो उचलायचा तर आधी आलेला कळला पाहिजे.

त्या दुपारी मी घड्याळ उलटंपालटं करून पाहिलं. वेळ बरोबर होती. दिवसभरात किती चालले तेही सांगत होतं. आत्याबाईंनी समोर बसून फोन लावला, तर काचेवर त्यांचं नाव उमटलं. फक्त मनगटाला काहीच कळलं नाही. मेलेल्या माणसाची नाडी पाहावी तसं मी बोट ठेवून बसले. मग आठवलं, त्याच आठवड्यात घड्याळाने रात्रीतून आपणहून नवीन सॉफ्टवेअर घेतलं होतं. सकाळी काचेवर आकड्यांचा रंग बदललेला दिसला होता, तेव्हा मला त्याचं कौतुकच वाटलं होतं.

वॉरंटी एका वर्षाची होती आणि ती नुकतीच संपली होती.

गावातल्या मोबाईलच्या दुकानदाराने घड्याळ हातात घेऊन सगळ्या बाजूंनी पाहिलं. "मॅडम, चांगलं तं चालू हाये. थरथरत नाही एवढंच ना? मोबाईलची रिंग वाजतेच की."

मी केस बाजूला करून कानातली मशीन दाखवली. तो ओशाळला. त्याने खुर्ची दिली, घड्याळातलं सगळं पुसून ते नव्यासारखं चालू केलं, पुन्हा जोडलं. काही फरक पडला नाही. "कंपनीलेच लिहा," तो म्हणाला. "पर वारंटी गेली म्हनल्यावर ते नवीन घ्या म्हनतील. समदे तसंच करते."

शिक्षकांच्या खोलीतही तोच सल्ला मिळाला. नवऱ्याने तर नवीन घड्याळाचा फोटोच पाठवला. मला ते पटेना. माझ्या हातून ते पडलं नव्हतं, भिजलं नव्हतं. कंपनीने दुरून त्यात काहीतरी घातलं आणि ते मुकं झालं. नवीन घेतलं तरी त्यातही कंपनी असंच काहीतरी घालणार होती. फोन आल्याचं मनगटाला कळेल, असं खोक्यावर छापून त्यांनी ते मला विकलं होतं. मी त्या छापलेल्या शब्दांवर विसंबून घराची कडी लावत होते.

मी कंपनीच्या वेबसाइटवर तक्रार टाकली. उत्तर लगेच आलं. तक्रार मिळाली, आमचे प्रतिनिधी आपल्याला फोन करतील. मी दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर कुंभाराचं चाक काढत असताना तो फोन येऊन गेला. संध्याकाळी मेल आला. आपल्याशी संपर्काचा प्रयत्न केला, प्रतिसाद मिळाला नाही, म्हणून तक्रार बंद करत आहोत.

मी पुन्हा लिहिलं. मला फोनवर ऐकू येत नाही. फोन आलेला कळत नाही, हीच तर माझी तक्रार आहे. कृपया फोन करू नका, लिहा. त्यावर उत्तर आलं, आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, आमचे प्रतिनिधी आपल्याला फोन करतील. आणि पुन्हा तक्रार बंद.

पहिल्यांदा मला हसू आलं. आत्याबाईंना वाचून दाखवलं, त्याही हसल्या. मग रात्रीच्या भाकरी थापता थापता माझ्या हाताला जोर आला आणि एक भाकर फाटली.

व्हिडिओ कॉलवर मुलगी म्हणाली, "आई, मी बोलते तुझ्या नावाने. त्यांना काय कळणार?"

मी नको म्हणाले. हे तिला नीट सांगता आलं नाही, पण गेल्या काही वर्षांत माझ्या वतीने बोलणारी माणसं वाढत चालली होती. बँकेत गेलं की साहेब माझ्या नवऱ्याकडे बघून विचारतो, मॅडमची सही अशीच आहे का. दवाखान्यात नर्स आत्याबाईंना विचारते, यांना कुठं दुखतं. मी तिथेच उभी असते. या तक्रारीत मला तसं बाजूला उभं राहायचं नव्हतं.

आत्याबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी ताट खाली ठेवलं आणि माझ्याकडे वळल्या. "मी तुह्यासाठी बोलत नाही," त्या म्हणाल्या. "तू बोल. मी फक्त तो काय म्हनते ते तुले सांगतो. तुह्याकडं पाहून सांगतो."

हे मला चाललं.

आमच्या घरात उजेड कमी, ओठ वाचायला बुद्धविहाराच्या ओट्यावर बरं पडतं. रविवारी सकाळची वंदना आटोपली तेव्हा आम्ही दोघी तिथे समोरासमोर बसलो. बायका घरी निघाल्या होत्या, त्या काय चाललंय ते बघायला थांबल्या. मी कंपनीचा नंबर लावला आणि मोबाईल आत्याबाईंच्या कानाशी दिला.

"गानं वाजून राह्यलं," आत्याबाईंनी सांगितलं.

आम्ही थांबलो.

"अजून गानंच हाये."

एक बाई म्हणाली, गाणं तरी बरं आहे का. आत्याबाईंनी हाताने चूप केलं. "आता एक पोरगा बोलून राह्यला. हिंदीत. नाव इचारते."

मी नाव सांगितलं, तक्रारीचा नंबर सांगितला. आत्याबाई ऐकत होत्या आणि प्रत्येक वाक्य संपलं की ते माझ्यापुढे ठेवत होत्या. "तो म्हनते, ज्यायच्या नावावर घड्याळ हाये त्यायच्याशीच बोला लागते. दुसऱ्याशी बोलाचा नियम नाही."

"त्याला सांगा, मी समोरच बसले आहे. त्याचं बोलणं तुमच्या तोंडून ऐकते," मी म्हणाले.

आत्याबाईंनी त्यांच्या हिंदीत सांगितलं. मग बराच वेळ काहीतरी बोलल्या, पण बोलताना त्यांनी मान फिरवली होती, त्यामुळे मला ओठ दिसले नाहीत. भोवतीच्या बायका मात्र हसायला लागल्या.

"काय म्हणालात त्याला?"

"काही नाही. त्याले इचारलं, तुह्या घरी कोनाले कमी ऐकू येते का. म्हने, आजीले येते. मंग म्हनलं, तिच्याशी तू कसा बोलतं? हळू बोलतं ना? तिच्याकडं पाहून बोलतं ना? तसंच आता बोल." त्या क्षणभर ऐकत राहिल्या. "हाव, आता हळू बोलून राह्यला."

घड्याळ पडलं का, पाण्यात गेलं का, दुसऱ्या कोणी उघडलं का, असं त्याने विचारलं. मी नाही म्हणत गेले. शेवटी तो वॉरंटीवर आला. "म्हनते, वारंटी संपली. नवीन घ्याचं असलं तं सूट देतो."

"सूट नको. त्याला विचारा, हे सॉफ्टवेअर घड्याळात कोणी घातलं?"

"म्हनते, ते आपोआप होते."

"कोणाच्या आपोआप?"

आत्याबाईंनी हे जसंच्या तसं विचारलं असावं. त्या म्हणाल्या, "पुन्यांदा गानं लावलं त्यानं."

या वेळचं गाणं फार लांबलं. ऊन ओट्यावर आलं तशा आम्ही सरकून बसलो. अखेर तो परत आला. वरच्या साहेबांना विचारलं, घड्याळ छत्रपती संभाजीनगरच्या सर्व्हिस सेंटरला दाखवा, ते तपासतील, असं त्याने सांगितलं. फोन ठेवायच्या आधी मी त्याला एवढंच लिहून घ्यायला लावलं की, यापुढे मला फोन येणार नाही, जे असेल ते मेलवर येईल. त्याच दिवशी तसा मेल आला. त्या कंपनीकडून माझ्या बोलण्याला धरून आलेलं ते पहिलं उत्तर होतं.

शाळेत रजा टाकली आणि भोकरदनमार्गे जाणारी बस धरली. आत्याबाईंना सोबत यायचं होतं. "औरंगाबादले एकली जातं का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तिथे चेहरे दिसतात, जमेल मला.

काउंटरवरची मुलगी संगणकाकडे बघून बोलत होती आणि मागे भिंतीवर टीव्ही चालू होता. मी तिला म्हटलं, "माझ्याकडे बघून बोला, मला ओठ लागतात." तिने लगेच खुर्ची वळवली आणि शेवटपर्यंत तशीच बोलली. घड्याळ आत गेलं. बऱ्याच वेळाने एक तंत्रज्ञ ते घेऊन आला. थरथरणारी मोटर आदेशच घेत नाही, म्हणाला. या मॉडेलचा सुटा भाग येत नाही आणि वॉरंटी नाही, त्यामुळे दुरुस्ती होणार नाही.

"पाणी गेलंय का आत?"

"नाही."

"पडल्याची खूण?"

"नाही मॅडम, घड्याळ एकदम स्वच्छ आहे."

"मग तेवढं लिहून द्या."

तसा पर्याय संगणकात नाही, असं तो म्हणाला. मी म्हटलं कागदावर द्या. त्याने व्यवस्थापकाकडे बोट दाखवलं, व्यवस्थापक बाहेर गेले होते. मी समोरच्या बाकावर बसले. माणसं येत होती, फुटक्या काचा दाखवत होती, जात होती. जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडला आणि तिथेच पोळी आणि जवसाची चटणी खाल्ली. मला तिथून कोणी ऊठ म्हणालं नाही आणि मीही उठले नाही. बसायला मला काही त्रास नव्हता. टीव्हीचा आवाज नको म्हणून मी मशीन काढून ठेवली होती.

व्यवस्थापक आले ते माझ्या बाकावरच येऊन बसले. मी मशीन घातली. त्यांनी विचारलं, "एवढ्याशा घड्याळासाठी अख्खा दिवस घालवला तुम्ही?"

मी त्यांना ओट्यावर बसलेल्या आत्याबाईंबद्दल सांगितलं. त्यांना दया आली की मला लवकर वाटेला लावायचं होतं, ते मला माहीत नाही. पण त्यांनी कागद मागवला. पाणी गेलेलं नाही, पडलेलं नाही, मोटर चालत नाही, असं लिहून शिक्का मारला. घड्याळ मुकंच घेऊन मी परत निघाले.

आता कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहायचं ठरवलं. इंग्रजीत लिहायला बसले की माझा राग फार सभ्य व्हायचा. म्हणून आधी मराठीत लिहिलं, मग त्याचं इंग्रजी केलं आणि दोन्ही एकाखाली एक पाठवलं. त्यात लिहिलं की, तुमचं घड्याळ वेळ बरोबर दाखवतं, पण वेळ बघायला माझ्या भिंतीवर घड्याळ आहे. जे काम करण्यासाठी मी ते घेतलं, तेवढंच काम तुमच्या सॉफ्टवेअरनंतर थांबलं. दुरुस्त होत नसेल तर बदलून द्या. नाहीतर मी बुलढाण्याला ग्राहक आयोगाकडे जाईन.

उत्तरात नकार आला. धोरण, अटी, खेद. मी त्याच मेलखाली पुन्हा लिहिलं, व्यवस्थापकांच्या कागदाचा फोटो जोडला आणि सॉफ्टवेअर कोणी घातलं, हा प्रश्न परत विचारला.

या दिवसांत आत्याबाईंनी वायरमनला बोलावून दाराबाहेर बेलचं बटण लावून घेतलं. ते दाबलं की स्वयंपाकघरातला दिवा पेटतो. चांगली सोय झाली. काम संपल्यावर वायरमनने हात पुसत विचारलं, "मंग आता घड्याळ कायले पायजे?" त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. दाराचा प्रश्न सुटला होता. नवराही व्हिडिओवर म्हणाला, "दमली नाहीस का तू? सोड आता."

"दमले," मी म्हटलं. "पण आत्याबाई शेतात असतात तेव्हा दिवा पेटत नाही. आणि त्यांनी अजून माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलेलं नाही."

ग्राहक आयोगाचा अर्ज मी भरायला घेतला होता, तेवढ्यात कंपनीचा मेल आला. विशेष बाब म्हणून त्याच मॉडेलचं घड्याळ बदलून देत आहोत. सॉफ्टवेअरबद्दल एक शब्द नव्हता. मी मेल मोठ्याने वाचला. आत्याबाईंनी विचारलं, "चूक झाली म्हनले का?" मी नाही म्हटलं. "मंग अर्ज फाडू नोको," त्या म्हणाल्या. तो मी अजून फाडलेला नाही.

जुनं घड्याळ त्यांचा माणूस येऊन घेऊन गेला. नव्याची वाट पाहत राहिलो. पार्सल निघालं, बुलढाण्याला पोचलं, असे मेल येत होते आणि मग एक दिवस आला, ग्राहक फोन उचलत नाही, पार्सल परत पाठवत आहोत. मी तो मेल मधल्या सुट्टीत वाचला. मुख्याध्यापकांना सांगितलं, पिशवी घेतली आणि फाट्यावर भरत असलेल्या जीपमध्ये बसले.

बुलढाण्याच्या कुरिअर कार्यालयात पार्सल परतीच्या ढिगावर होतं. तिथला माणूस वैतागला होता. "मॅडम, किती फोन केले तुम्हाले. उचलत काऊन नाही?"

"मला ऐकू येत नाही," मी म्हटलं. "या डब्यात जे आहे ना, ते त्याच्यासाठीच आहे."

त्याने डबा उलटा करून चित्र पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि सहीसाठी पेन पुढे केलं.

मुलीचं वसतिगृह तिथून जवळ होतं. तिच्या खोलीत खोकं फोडलं. घड्याळ तेच, पट्टा मात्र पोपटी. तिने ते मोबाईलशी जोडलं, माझ्या मनगटावर बांधलं आणि आपला फोन घेऊन बाहेर पडली. मी कॉटवर हात मांडीवर ठेवून बसले. आधी काही झालं नाही. मग हाडाजवळ कोणी बोटाने टकटक करावं तसं झालं, थांबलं, पुन्हा झालं. मी दाराकडे पाहिलं तर ती तिथून माझा चेहरा बघत होती. तिने फोन कापला आणि परत लावला. तसं तिने किती वेळ केलं कुणास ठाऊक, शेवटी मीच हात वर करून पुरे म्हटलं. मग आम्ही खाली जाऊन कचोरी खाल्ली.

या घड्याळाची वॉरंटी थोड्याच दिवसांची आहे. आपोआप सॉफ्टवेअर घेण्याची सोय मी बंद करून टाकली आहे. रोज सकाळी बांधल्यावर आत्याबाई अंगणातून एकदा फोन करून पाहतात आणि मी स्वयंपाकघरातून हात दाखवते.

घड्याळ मिळाल्यावर मी कंपनीला आणखी एक मेल केला. तुमच्या तक्रारीच्या पानावर एक चौकट वाढवा. ज्यांना ऐकू येत नाही त्यांनी त्यावर खूण केली की त्यांना फोन जाऊ नये, लिहून उत्तर जावं. माझ्यासारखे आणखी लोक असतील, आणि प्रत्येकीच्या समोर सासू बसलेली असेल असं नाही.

त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. मागच्या आठवड्यात आत्याबाईंनी आठवण करून दिली तेव्हा मी पुन्हा लिहिलं, या वेळी फक्त मराठीत.